पिंपात गार, तळ्यात गरम

२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

फोन करून उपयोग नाही. मागच्या खेपेला मी इकडून घसा फोडून ओरडत होते आणि तू तिकडून "ताई, मोठ्याने बोल" म्हणत होतास. शेवटी तुझ्या सूनबाईने फोन घेतला आणि "काही निरोप आहे का?" असं विचारलं. जन्मभर इंजिनांच्या घरघरीत राहून कान घालवलेस, आता वाच.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. यांच्या होडीची मोटर विकायचं चाललंय. तीच ती, घेतली तेव्हाच जुनी होती म्हणून तुम्ही दोघं जिला म्हातारी म्हणायचात. हे गेल्यापासून वर्षभर शेडमध्ये पडून होती. गिऱ्हाईक आलंय, पण चालू करून पाहिली तर तापते. सुरू छान होते, अगदी दोन झटक्यांत. तळ्याच्या मध्यावर गेलं की रंग जळल्यासारखा वास येतो आणि वरच्या टोपाला हात लावता येत नाही. बाजूने पाण्याची बारीक धार पडते ना, ती आधी चांगली असते, मग थुंकल्यासारखी तुटक होते, मग बंदच.

बिघडलेली वस्तू विकणं मला पटत नाही. काय करू ते सविस्तर लिही. मी मुळीच घाईत नाही, पण लवकर लिही.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ताई,

पत्र दोनदा वाचलं. म्हातारी विकतेस हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं यासाठी, की तू अखेर शहाणी झालीस. बाजार, दवाखाना, पोस्ट सगळं तळ्यापलीकडे. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस. दूधवाला सकाळी त्याच्या होडीतून नेतो-आणतो म्हणून तुझं चाललंय, आणि तोही एप्रिलअखेर धंदा बंद करतोय असं भाच्याकडून कळलं. मीच भाच्याला लिहिलं होतं, आईला आता घेऊन जा म्हणून. त्याने तुझी खोली रंगवून ठेवली आहे. वाईट का वाटलं ते तुला सांगायला नको. त्या मोटरीवर भाऊजी आणि मी मिळून जेवढं तेल सांडलं, तेवढं तुम्ही उभ्या जन्मात स्वयंपाकाला वापरलं नसेल.

आता ऐक. मोटर खालून पाणी पिते, अंगभर फिरवते आणि बाजूने मुतते. धार जोरात आहे तोवर तिची तब्येत ठीक. धार तुटली की लगेच बंद करायची, "काठ आलाच" म्हणत दामटायची नाही.

खाली पात्याच्या वर जाळी आहे, तिथून ती पाणी घेते. शेवाळ अडकलंय का बघ. मग धारेच्या भोकात बारीक तार घाल, कुंभारमाशीला अशा जागी घर करायला फार आवडतं. एवढ्याने भागलं नाही तर मोटरीचा खालचा पाय उतरवून पंप उघड. आत रबराचा पंखा असतो, फुलासारख्या पाकळ्या असलेला. वर्षभर कोरडा राहिला की पाकळ्या कडक होतात आणि तुटतात. नवा बसव. आणि तळ्यात नेण्याआधी मोठं पिंप पाण्याने भरून त्यात मोटरीचा पाय बुडवून चालवून बघ.

हे काम तुझं नव्हे. पलीकडच्या वर्कशॉपमधल्या पोराला बोलाव.

इथे माझं बरं चाललंय. मुलगा-सून काळजी घेतात. हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे, अधूनमधून पाने पुसून ठेवतो. पुसायचं काही कारण नाही, पण ठेवतो.

तुझा धाकटा

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझी भाषा साठी उलटली तरी सुधारली नाही. पण शब्द बरोबर आहे, आता मलाही दुसरा सुचत नाही.

जाळीत शेवाळ होतं, मूठभर निघालं. भोकात खरंच कुंभारमाशीची माती होती. पंप उघडला तर पंख्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या आणि बाकीच्या जळून चिकटलेल्या. नवा पंखा वर्कशॉपमध्ये मिळाला, जुना दाखवल्यावर पोराने फडताळातून लगेच काढून दिला. बसवताना पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला वाकल्या पाहिजेत, हे मला आधी कळलं नाही. दुपार त्यात गेली. वंगणाचे हात साबणाने निघत नाहीत, पिठाने निघतात, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस!

पिंपात चालवली. काय सांगू, धार अशी की अंगणाच्या कुंपणापर्यंत! अर्धा तास चालली, टोपावर गाल ठेवावा इतकी गार. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तळ्यात घेऊन गेलं आणि पुन्हा तेच. मध्यावर वास, तुटक धार, वाफ. टोप उघडायला गेले तर तळहाताला हा मोठा फोड आला. म्हणजे, त्याच्या तळहाताला.

आता काय?

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

पिंपात गार आणि तळ्यात गरम! बायको माहेरी गेल्यावर नवरा शहाण्यासारखा वागतो आणि घरी आल्यावर तापतो, तसली ही मोटर दिसते.

तुझं पत्र वाचताना मी इतक्या जोरात "पाकळीचे तुकडे!" म्हणालो की सून धावत आली. पंख्याच्या दोन पाकळ्या तुटल्या, बरोबर? मग ते तुकडे गेले कुठे? पाण्याच्या वाटेत वर जाऊन अडकले असणार. इंजिनाच्या डोक्यावरचं छोटं झाकण उघडायला सांग, तिथे सापडतील. तिथेच पितळेची एक झडप आहे. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, तापलं की उघडते आणि पाण्याला वाट देते. काढून दोऱ्याला बांध आणि पातेल्यातल्या गरम पाण्यात सोड. उघडली तर जिवंत आहे. नाही उघडली तर तीच गुन्हेगार.

एक प्रश्न राहिला. होडीत कोण कुठे बसतं? मोटर जिथून पाणी पिते ती जागा नीट बुडालेली हवी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गिऱ्हाईक माणूस कसा आहे? अंगाने?

उंटावरून शेळ्या हाकतोय याची मला कल्पना आहे. इथून तिचा आवाज ऐकता येत नाही, तिथे असतो तर ऐकता आला असता असंही नाही. पण टोपावर हात ठेवून सांगितलं असतं. हल्ली सकाळी उठल्यावर आधी म्हातारीचा विचार येतो. बऱ्याच दिवसांनी मला सकाळी विचार करायला काहीतरी मिळालंय.

भाचा विचारत होता, तुझ्या भांड्यांना फडताळ किती मोठं करू? त्याला कळव.

धाकटा

११ मार्च

प्रिय धाकट्या,

तुकडे सापडले, दोन्ही. नखाएवढे होते. झडप पातेल्यात सोडली, पाणी उकळायच्या आधीच टपकन उघडली. मला एवढा आनंद झाला की चार वेळा गार करून चार वेळा उघडून पाहिली.

गिऱ्हाईक म्हणशील तर चांगला भारदस्त माणूस आहे. पोट पुढे, मान आखूड, बसला की होडी मागून खाली जाते. मागच्या बाकावर उजव्या अंगाला बसतो, एक पाय पसरून. मोटरीशी बोलतो. "चल गं म्हातारे" म्हणतो. वागायला सज्जन वाटला.

पिंपात पुन्हा उत्तम. तळ्यात पुन्हा तापली, आणि या खेपेला मध्यावर बंदच पडली. वारा उलटा होता. वल्ही मारून मारून खांदे निघून आले. शेवटी दूधवाल्याने पाहिलं आणि दोर टाकून ओढत आणलं. काठाला आल्यावर होडीही त्यानेच बांधली, हीच त्याची माणुसकी.

तुझ्या भाच्याला म्हणावं फडताळ करू नकोस. इतक्यात नको.

ताई

१६ मार्च

ताई,

हे पत्र लहान आहे, पण नीट वाच.

पंखा नवा, वाट मोकळी, झडप जिवंत, पिंपात अर्धा-अर्धा तास गार. म्हणजे मोटर निरोगी आहे. तळ्यात तापते याचा एकच अर्थ, ती पाण्याऐवजी हवा ओढते. पण एवढा वजनदार माणूस मागच्या बाकावर बसल्यावर ती हवा ओढूच शकत नाही. तेव्हा एक तर तळं खोटं बोलतंय, नाही तर गिऱ्हाईक.

आणि गिऱ्हाईक "चल गं म्हातारे" म्हणतं? या मोटरीला म्हातारी म्हणणारी माणसं जगात तीनच होती. त्यातला एक गेला आणि एक इथे पलंगावर बसून पाने पुसतोय.

तुझं अक्षर का बिघडलंय? हाताला काय झालंय?

खरं सांग. खोट्या लक्षणांवर औषध देणारा वैद्य मी नाही.

धाकटा

२३ मार्च

धाकट्या,

गिऱ्हाईक नाही. कधीच नव्हतं. मोटर मी चालवते. फोड माझ्याच हाताला आला, पंपही मीच उघडला.

तुला सांगितलं असतं तर तू भाच्याला सांगितलं असतंस आणि दोघांनी मिळून मला उचलून नेलं असतं. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. लेकरू चांगलं आहे, खोली रंगवली, रंगही माझ्या आवडीचा लावला. पण ते घर त्याचं आहे रे. तिथे मी सकाळी उठून काय करू? इथे मला उठल्या उठल्या दहा कामं दिसतात. त्याने अट घातली आहे. दूधवाला बंद झाल्यावर तू स्वतः तळं ओलांडून जाऊ-येऊ शकलीस तर राहा, नाही तर मे महिन्यात मी न्यायला येतो, असं म्हणाला. हसत म्हणाला, कारण त्याला खात्री आहे की मला जमणार नाही. मी हो म्हटलं. म्हणून हे सगळं चाललंय.

गिऱ्हाईक रचताना माणूस कसा रचायचा हेच कळेना. यांच्याशिवाय होडीत बसलेला दुसरा कोण मी कधी पाहिलाय? जो डोळ्यांपुढे आला तोच लिहून टाकला. लिहिताना बरं वाटत होतं, म्हणून जरा जास्तच लिहिलं.

आता खरी लक्षणं घे. वजन माझं तुला माहीत आहे, काडीपैलवान. मागच्या बाकावर मी बसत नाही. मुठीला एक नळी जोडून ती लांब केली आहे आणि मधल्या बाकावर बसून चालवते. चालवायला अवघड आहे, पण ती जागा यांची. तिथे बसायला गेले की पाय मागे येतो. एकदा बसले होते, तर होडी काठालाच बांधलेली असून रडायला लागले.

आता तुला काय करायचं ते कर. भाच्याला लिहायचं तर लिही.

ताई

२८ मार्च

ताई,

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सून म्हणाली, बाबा, वाईट बातमी आहे का? म्हटलं नाही, निदान झालं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण दोन महिने करत होतो. आता मी सांगतो ते जाऊन बघ. होडीच्या मागच्या पाटीवर मोटरीचे चिमटे जिथे आवळले आहेत, तिथे मोटरीखाली एखादी फळी आहे का? मी इकडे आलो तेव्हा नव्हती. पण भाऊजींचं पोट दर वर्षी वाढत होतं हे मी फोटोंत पाहत होतो. एवढा माणूस मागे बसला की होडीचं बूड खाली दबतं, आणि काठाच्या उथळ पाण्यात पातं गाळात घुसतं. त्यांनी नक्की फळी घालून मोटर वर उचलली असणार. त्यांच्या वजनाला ते बरोबरच होतं. ते बसायचे, होडी मागून दबायची, जाळी पाण्यात खोल जायची.

आता तू बसतेस, तीही मधल्या बाकावर. मागची बाजू वर येते. मोटर आधीच फळीने उचललेली. तळ्याच्या मध्यावर लाटा लागल्या की जाळी उघडी पडते आणि म्हातारी हवा गिळते. तिच्यात काहीही बिघाड नाही. ती भाऊजींच्या वजनाला जुळवलेली आहे आणि ते वजन आता होडीत नाही. एवढीच गोष्ट आहे.

तेव्हा फळी काढ. दूधवाल्याला हात लावायला बोलाव, मोटर एकटीने उचलू नकोस. चिमटे आवळून घे, साखळी लाव, पडली तर तळ्यात जाईल. मुठीची ती नळी काढून फेक.

आणि ताई, मागच्या बाकावर बस. वजनाच्या दृष्टीने हे फळीइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून मिस्त्री म्हणून सांगतोय. भाऊ म्हणून एवढंच सांगतो, की त्यांना दुसरं कुणीही तिथे बसलेलं चाललं नसतं, पण तू चालली असतीस.

भाच्याला आजच पत्र टाकलं. तुझं गुपित फोडलं नाही. एवढंच लिहिलं की मे महिन्यात येशील तेव्हा गाडीने डोंगराला वळसा घालू नकोस, पलीकडच्या धक्क्यावर उभा राहा, तुला न्यायला कुणीतरी येईल.

मला न विचारता तुझ्या राहण्याचं मी ठरवून टाकलं, म्हणजे तुला न विचारता. बघ, रागात लिहिताना शब्दही उलटे पडतात. राग माझा माझ्यावर आहे.

तुझा बहिरा, पण अजून कामाचा
धाकटा

९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

फळी होती.

इतकी वर्षं ती तिथे होती आणि माझ्या डोळ्यांना ती होडीचाच भाग वाटायची. चांगली दोन बोटं जाड, कडा गुळगुळीत घासलेल्या. मला आठवलं, ज्या वर्षी यांचा पट्टा आतल्या भोकात बसेना, त्याच वर्षी हे अंगणात काहीतरी तासत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारीला उशी करतोय." पोट सुटल्याची कबुली माणूस बायकोला देईल का!

दूधवाल्याने मोटर उचलून धरली, मी फळी ओढून काढली. चिमटे आवळले, साखळी लावली, नळी काढली. मग दूधवाला "मी येऊ का बरोबर?" म्हणाला. मी नको म्हटलं. तो काठावरच्या दगडावर बसून राहिला, रिकाम्या कॅनला टेकून.

मी मागच्या बाकावर बसले. उजव्या अंगाला. तिथे लाकूड खोलगट झालंय रे. यांच्या बसण्याने झालेला खळगा आहे, माझ्या तिप्पट. मी त्यात एका कडेला मावले. रडू येईल असं वाटलं होतं, पण मोटर सुरू झाली आणि धारेवर लक्ष ठेवायचं होतं, त्यामुळे राहून गेलं.

मध्यावर आले. वास आला नाही. लाटा होत्या, धार तुटली नाही. टोपावर पोळलेला तळहात ठेवला, कोमट होतं. पलीकडच्या धक्क्यावर लागले, पोस्टात जाऊन याच पत्राचं पाकीट घेतलं, अर्धा किलो साखर घेतली आणि परत आले. परत येताना मात्र रडले. वेग कमी न करता रडले. दूधवाला दगडावरच होता. म्हणाला, "पोचलात की." मी म्हटलं, पोचले.

तुझ्या भाच्याला न्यायला मीच जाणार आहे. धक्क्यावर उभा राहून तो कुणाची वाट बघेल आणि कोण येईल, ते मला आत्तापासून दिसतंय. तोंडावर हात ठेवून हसते आहे.

आता तुझ्याबद्दल. पाने पुसतोस, पुसायचं कारण नाही असं लिहिलंस, ते मी वाचलं होतं. तेव्हा माझंच खोटं निस्तरत होते म्हणून उत्तर दिलं नाही. कारण आहे. म्हातारीचं तेल बदलायचंय, पात्याला खाच पडली आहे, आणि मोटरीला हात लावून सांगणारा माणूस इथे नाही. कानांची तिला गरज नाही. पेटी घेऊन ये. सूनबाईला सांग, ताईने बोलावलंय, किती दिवस ते म्हातारी ठरवेल.

फळी मी टाकली नाही. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली आहे. सूनबाईने पाठवलेल्या फोटोत तुझं पोट पाहिलं, अगदी तुझ्या भाऊजींवर गेलंय. तू आलास की तुला मागे बसवावं लागेल, आणि मग फळी परत घालावी लागेल.

वाट बघते.

तुझी ताई